डोळ्याच्या पडद्याच्या फोटोतला असमान प्रकाश: संगणक तो कसा दुरुस्त करतो आणि त्या फोटोवर किती विसंबावे

मधुमेहाच्या शिबिरातून किंवा डोळ्यांच्या तपासणीहून परत आल्यावर अनेकांच्या मोबाइलमध्ये पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे, दोन फोटो येऊन पडलेले असतात. एक नारिंगी रंगाचा, मध्यभागी उजळ आणि कडेला काळपट. दुसरा करड्या रंगाचा, सगळीकडे सारखाच उजळ, त्यात रक्तवाहिन्या एखाद्या नकाशातल्या नद्यांसारख्या ठळक. मग तपासणीला आल्यावर पहिला प्रश्न हाच असतो: "डॉक्टर, यातला खरा फोटो कोणता?"

दोन्ही फोटो एकाच क्षणाचे, एकाच डोळ्याचे आहेत. पहिला कॅमेऱ्यातून आला तसा आहे. दुसऱ्यात संगणकाने प्रकाशाचा कमी-जास्तपणा काढून टाकला आहे. या दुरुस्तीमुळे अंधाऱ्या कडेला लपलेले बारीक लाल ठिपके दिसू लागतात आणि आम्हा डॉक्टरांना त्याचा खरोखर उपयोग होतो. पण कॅमेऱ्याने जे टिपलेच नाही ते या दुरुस्तीतून उगवत नाही. शिवाय काही वेळा फोटोतला अंधूकपणा हाच आजाराचा पुरावा असतो, आणि दुरुस्ती नेमका तोच पुसून टाकते. म्हणून हे तंत्र चालते कसे, हे रुग्णाने आणि घरच्यांनी थोडे समजून घेतलेले बरे.

फोटोत प्रकाश कमी-जास्त का होतो?

डोळा म्हणजे एकच छोटी खिडकी असलेली अंधारी खोली समजा. ती खिडकी म्हणजे बाहुली. पडद्याचा फोटो काढताना कॅमेऱ्याचा प्रकाश याच खिडकीतून आत जातो आणि पडद्यावरून परतणारा प्रकाशही याच खिडकीतून बाहेर येतो. दोन्ही वाटा एकमेकींवर आल्या तर डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावरून चमक परावर्तित होते आणि फोटो पांढरा पडतो. म्हणून फंडस कॅमेऱ्यात प्रकाश एका कड्याच्या आकारात, बाहुलीच्या कडेकडेने आत सोडतात आणि मधल्या भागातून फोटो टिपतात.

हे सगळे जमायला खिडकी पुरेशी मोठी हवी. थेंब न टाकता फोटो काढणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांना साधारण ४ मिलिमीटरची बाहुली लागते. वय वाढते तशी बाहुली लहान होते. मधुमेह जुना असेल तर ती आणखी लहान राहते, अंधारातही पुरेशी उघडत नाही. म्हणजे ज्या रुग्णांना या फोटोची सर्वांत जास्त गरज, त्यांचाच फोटो कडेला काळा येण्याची शक्यता जास्त. त्यात एक गंमत अशी की पहिल्या डोळ्यावर फ्लॅश पडला की दोन्ही बाहुल्या एकदमच आकुंचन पावतात. लगेच दुसऱ्या डोळ्याचा फोटो काढला तर तो पहिल्यापेक्षा काळपट येतो. काही मिनिटे अंधारात बसवून मग दुसरा फोटो काढला तर फरक पडतो. रांग मोठी असली की नेमकी हीच काही मिनिटे वाचवली जातात.

बाकी कारणे तुम्हाला सहज पटतील. कॅमेरा बाहुलीच्या बरोबर समोर नसेल तर एका बाजूला चंद्रकोरीसारखी सावली येते. पापणी खाली आली तर वरची किंवा खालची बाजू झाकते. पडदा सपाट नाही, वाटीसारखा खोलगट आहे, त्यामुळे मधला भाग आणि कडा यांना सारखा प्रकाश मिळत नाही. मोतीबिंदू असेल तर सगळ्यावरच दुधाळ पडदा येतो, तोही सर्वत्र सारखा नसतो.

प्रकाश आणि पडदा वेगळे करायचे कसे?

अंगणात काढलेली रांगोळी आठवा. अर्धी उन्हात आहे, अर्धी झाडाच्या सावलीत. सावलीतल्या पांढऱ्या रेघेवरून डोळ्यांपर्यंत येणारा प्रकाश उन्हातल्या करड्या फरशीवरून येणाऱ्या प्रकाशापेक्षा कमी असू शकतो. तरीही रेघ पांढरी आणि फरशी करडी हे आपल्याला कळते, कारण आपला मेंदू सावलीचा हिशोब नकळत वजा करतो. कॅमेऱ्याला हे जमत नाही. तो फक्त आलेला प्रकाश मोजतो.

फोटोतल्या प्रत्येक बिंदूचा उजळपणा दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: तिथे प्रकाश किती पडला आणि त्या जागेने त्यातला किती परत पाठवला. आपल्याला हवी आहे दुसरी गोष्ट. पडद्याचे आरोग्य तिच्यात आहे.

आकड्यांत पाहू. समजा फोटोच्या मध्यभागी पडद्याचा उजळपणा २०० आहे आणि कडेला ५०. एक रक्तवाहिनी आजूबाजूच्या भागाच्या ६० टक्केच प्रकाश परत पाठवते. मध्यभागी ती १२० दिसेल, म्हणजे शेजारपेक्षा ८०ने गडद. कडेला तीच वाहिनी ३० दिसेल, म्हणजे फक्त २०ने गडद. रक्तवाहिनी तीच, रक्त तेच, पण कडेला ती चारपट फिकी वाटते. तिच्याऐवजी एखादा बारीक रक्तस्राव असता तर नजरेतून सुटलाच असता.

आता ज्यांनी अकरावी-बारावीला लॉग टेबल वापरून गणिते सोडवली आहेत त्यांनी ते पुस्तक आठवावे. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते. २००चा लॉग २.३०१ आणि १२०चा २.०७९, फरक ०.२२२. ५०चा लॉग १.६९९ आणि ३०चा १.४७७, फरक पुन्हा ०.२२२. मध्यभाग असो की काळपट कड, वाहिनी आणि तिचा शेजार यांतले अंतर आता सारखेच झाले. प्रकाशाचा कमी-जास्तपणा गेलेला नाही, पण तो आता वेगळा रचलेला थर झाला आहे, आणि थर वजा करता येतो. (कॅमेरा फोटो साठवताना आकडे आधीच थोडे वाकवतो, त्यामुळे प्रत्यक्षात हिशोब इतका चोख बसत नाही. कल्पना मात्र हीच.)

फ्रिक्वेन्सी म्हणजे इथे काय?

प्रकाशाचा थर कोणता आणि पडद्याचा थर कोणता, हे संगणकाला कसे कळावे? इथे फ्रिक्वेन्सी कामाला येते. हा शब्द आपण रेडिओसाठी आणि आवाजासाठी ऐकलेला असतो. फोटोच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच: एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना उजळपणा किती भराभर वर-खाली होतो.

घाटातून जाणाऱ्या एसटीत बसल्याची कल्पना करा. गाडी हळूहळू वर चढते, मग हळूहळू उतरते. हा संथ चढ-उतार कित्येक किलोमीटरचा असतो. त्याच वेळी खड्ड्यांमुळे क्षणाक्षणाला धक्के बसतात. दोन्ही हालचाली वर-खालीच्याच, पण एक संथ आणि दुसरी झपाट्याची. तुम्हाला फक्त खड्डे मोजायचे असतील तर चढाचा भाग वजा करून धक्के तेवढे ठेवायचे.

फोटोत प्रकाशाचा उतार हा घाटाच्या चढासारखा आहे: मध्यापासून कडेपर्यंत सावकाश कमी होत जाणारा. ही कमी फ्रिक्वेन्सी. रक्तवाहिन्यांच्या कडा, बारीक लाल ठिपके, पिवळसर कणांचे साठे हे खड्ड्यांसारखे आहेत. ही जास्त फ्रिक्वेन्सी. कोणताही गुंतागुंतीचा चढ-उतार अनेक साध्या लहरींमध्ये मोडता येतो, हे फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी उष्णतेचा अभ्यास करताना मांडले; त्यांचे पुस्तक १८२२चे. संगणकावर हे काम झटपट करण्याची पद्धत १९६५ साली प्रसिद्ध झाली आणि मग फोटोंना ती सर्रास लावता येऊ लागली.

मग क्रम असा होतो. फोटोचा लॉग घ्यायचा, तो लहरींमध्ये मोडायचा, संथ लहरी दाबायच्या, झपाट्याच्या लहरी तशाच ठेवायच्या किंवा थोड्या वाढवायच्या, लहरी पुन्हा जोडायच्या आणि लॉग उलटा फिरवून फोटो परत मिळवायचा. या पद्धतीला होमोमॉर्फिक फिल्टरिंग म्हणतात. नाव अवघड असले तरी तुम्हाला आता त्यातले सगळे कळले आहे. ही कल्पना १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ॲलन ओपनहाइम, रोनाल्ड शेफर आणि थॉमस स्टॉकहॅम यांनी विकसित केली. यातल्या स्टॉकहॅम यांनी पुढे याच घराण्यातल्या गणिताने गायक एन्रिको कारुसो यांच्या जुन्या रेकॉर्डमधला कर्ण्याचा घुमणारा आवाज काढून टाकला. रेकॉर्ड काय किंवा रेटिना काय, यंत्राने मिसळलेले वेगळे काढायचे, हा उद्योग एकच.

रेषा कुठे ओढायची, हा मात्र खरा कळीचा प्रश्न आहे. साधारण ४५ अंशांचा फंडस फोटो पडद्यावरचा सुमारे १३ मिलिमीटर रुंद भाग दाखवतो. तो २००० पिक्सेल रुंद असेल तर एक पिक्सेल म्हणजे अंदाजे ६.५ मायक्रॉन. मधुमेहात पडद्यावर सर्वांत आधी दिसणारा बदल म्हणजे केसासारख्या बारीक वाहिन्यांना आलेले फुगे, मायक्रोॲन्युरिझम. ५० मायक्रॉनचा असा फुगा ८ पिक्सेलचा. मोठी शीर सुमारे १९ पिक्सेलची. प्रकाशाचा उतार मध्यापासून कडेपर्यंत १००० पिक्सेल पसरलेला. इथपर्यंत सगळे सोपे आहे, कारण ८ आणि १००० यांत गोंधळ होण्याचे कारण नाही. पण डोळ्याची नस जिथून सुरू होते ती पिवळसर चकती, ऑप्टिक डिस्क, सुमारे १.५ मिलिमीटरची, म्हणजे २३० पिक्सेलची असते. ती चढ आहे की खड्डा? आणि तेवढाच मोठा एखादा रक्ताचा डाग असेल तर? त्याकडे पुढे येऊ.

याचा फायदा कुठे होतो?

सर्वांत मोठा फायदा कडेच्या भागाचा. वर आकड्यांत पाहिले तसे काळपट कडेला फिके झालेले ठिपके पुन्हा ठळक होतात. हे सहसा फोटोच्या हिरव्या भागावर केले जाते, कारण रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषते आणि त्यात वाहिन्या व रक्तस्राव गडद उठून दिसतात. तुमच्या मोबाइलवरचा दुसरा फोटो करडा का, याचे उत्तर हे आहे. तो रंग पडद्याचा नाही.

दुसरा फायदा तुलनेचा. मागच्या वर्षीचा फोटो एका कॅमेऱ्यावरचा, या वर्षीचा दुसऱ्या, आणि दोन्हींत प्रकाश वेगळा. तो सारखा करून घेतला की नवीन ठिपका खरोखर नवीन आहे की मागच्या वेळी अंधारात होता, हे ठरवणे सोपे जाते.

तिसरा उपयोग संगणकाने फोटो वाचण्यासाठी, ज्याला आता सगळे एआय म्हणतात. २०१५ साली मधुमेही रेटिनाचे फोटो संगणकाकडून ओळखून घेण्याची एक मोठी जागतिक स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या बेंजामिन ग्रॅहम यांनी फोटो संगणकाला दाखवण्याआधी प्रत्येक बिंदूतून त्याच्या परिसराचा सरासरी रंग वजा केला होता. संथ भाग काढून टाकायचा, तोच घाटातला हिशोब, थोड्या सोप्या रीतीने.

फसगत कुठे होते?

ज्या जागेवर प्रकाश इतका जास्त पडला की कॅमेऱ्याची मोजपट्टीच संपली, तिथले सगळे बिंदू २५५ या कमाल आकड्यावर अडकतात. तिथे वाहिनी होती की रक्त होते, हे कोणत्याही गणिताने परत मिळत नाही. अंधाराच्या टोकाला उलटी अडचण येते. जिथे आकडे ० ते ५ यांच्या दरम्यान आहेत तिथे मुळात माहितीच्या पाच-सहा पायऱ्या उरल्या आहेत. त्या ताणून मोठ्या केल्या की चित्र उजळ होते, पण कॅमेऱ्याची खरखरही तितकीच मोठी होते. ती खरखर बारीक काळ्या ठिपक्यांसारखी दिसते आणि मायक्रोॲन्युरिझमही बारीक गडद ठिपक्यासारखाच दिसतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत आणखी भर पडते: फाइल लहान करताना फोटोचे छोटे चौकोन पाडलेले असतात, आणि दुरुस्तीनंतर त्या चौकोनांच्या कडा उठून येतात.

दुसरी फसगत कड्यांची. ऑप्टिक डिस्कसारखा उजळ भाग संथ प्रकाशात मोजला गेला तर त्याच्याभोवती काळपट वलय तयार होते. फिल्टरची रेषा सुरीने कापल्यासारखी ओढली तर पाण्यात दगड टाकल्यावर उठतात तशा लहरी दिसतात. म्हणून चांगल्या प्रणालीत ती हळूहळू उतरती ठेवतात. तरी थोडे वलय राहतेच. एका रुग्णाच्या मुलाने मला असा फोटो दाखवून विचारले होते, "नसेभोवती हे काळे कडे कसले? काचबिंदू का?" मूळ फोटोत काहीही नव्हते.

या दोन्ही चुकांत नसलेले दिसते. घाबरगुंडी उडते, पण पुन्हा तपासले की विषय संपतो. तिसऱ्या प्रकारात असलेले नाहीसे होते, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते.

संगणकाला आजार कळत नाही, त्याला फक्त संथ आणि झपाट्याचे कळते. पडद्याचा मोठा भाग फिकट झाला असेल, मोठ्या भागावर सूज असेल, किंवा डोळ्यातल्या जेलीत थोडे रक्त उतरून एका बाजूला धूसर झाले असेल, तर हे सगळे बदल संथच असतात. घाटाच्या भाषेत सांगायचे तर रस्ताच अर्धा किलोमीटर खचला आहे, आणि मोजणाऱ्याने तो उतार समजून वजा केला.

साठीच्या एक मावशी एकदा असाच दुरुस्त केलेला फोटो घेऊन आल्या. मधुमेह पंधरा वर्षांचा. फोटो स्वच्छ आणि एकसारखा, दोन-तीन ठिपके सोडले तर काळजीचे काही नाही असे वाटावे असा. मुलगी म्हणाली, "फोटो चांगला आलाय, पण आई म्हणते डोळ्यासमोर कोळ्याचं जाळं तरंगतंय." मूळ फोटो मागवला. त्यात त्या डोळ्याचा खालचा भाग धुक्यात गेल्यासारखा होता. दुसऱ्या डोळ्यात तसे नव्हते. थेंब टाकून तपासले तर जेलीत ताजा रक्तस्राव होता आणि पडद्यावर नाजूक नव्या वाहिन्या वाढलेल्या होत्या. लेझर करावे लागले. दुरुस्ती करणाऱ्या प्रणालीने तिचे काम चोख केले होते. धुके तिला असमान प्रकाश वाटले आणि तिने ते काढून टाकले. चूक एवढीच की मूळ फोटो कोणी पाहिला नव्हता आणि "जाळं" हा शब्द कोणी लिहून घेतला नव्हता.

म्हणून मी शिकाऊ डॉक्टरांना सांगतो की प्रकाश दुरुस्त करण्याआधी तो असमान का झाला, हे विचारा. बाहुली लहान होती? कॅमेरा तिरका होता? मोतीबिंदू आहे? की आत काही घडले आहे?

एआय तपासणी आणि 'फोटो वाचता आला नाही'

मधुमेही रेटिनोपॅथी स्वतःहून ओळखणाऱ्या एआय यंत्रणेला अमेरिकेच्या एफडीएने पहिली मान्यता दिली ती एप्रिल २०१८ मध्ये. आपल्याकडेही त्याच वर्षी मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनवर चालणाऱ्या अशा तपासणीचा अभ्यास झाला. या यंत्रणा फोटोचा दर्जा आधी तपासतात आणि तो पुरेसा नसेल तर निकाल देत नाहीत.

प्रत्यक्षात काय होते याचे बोलके उदाहरण थायलंडमधले आहे. तिथल्या ११ दवाखान्यांत गूगलची यंत्रणा वापरून पाहिली गेली आणि २०२० साली त्याचा अहवाल आला. पहिल्या सहा महिन्यांत तपासलेल्या १८३८ फोटोंपैकी ३९३ फोटो, म्हणजे २१ टक्के, यंत्रणेने दर्जा कमी म्हणून नाकारले. कारण फार साधे होते. ११ पैकी फक्त दोन ठिकाणी पूर्ण अंधार करता येईल अशी वेगळी खोली होती. बाकी ठिकाणी उजेडात बसलेल्या रुग्णांच्या बाहुल्या पुरेशा उघडत नव्हत्या. एवढी प्रगत यंत्रणा, आणि अडले ते जाड पडद्यावाचून.

यावर कोणी म्हणेल, मग फोटो दुरुस्त करून यंत्रणेच्या गळी उतरवा. मला हे पटत नाही. थोडासा असमान प्रकाश दुरुस्त करणे योग्यच. पण नाकारला जावा इतका खराब फोटो गणिताने देखणा करून पुढे पाठवला, तर नकार टळतो आणि त्यासोबत पुन्हा तपासण्याची संधीही जाते. मोठ्या केलेल्या बाहुलीतून काढलेला दुसरा फोटो कोणत्याही फिल्टरपेक्षा सरस.

रिपोर्टवर "फोटो वाचण्यायोग्य नाही", "दर्जा अपुरा" किंवा "पुन्हा फोटो घ्यावा" असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ "काही सापडले नाही" असा होत नाही. तुमची तपासणी अजून झालेलीच नाही, असा त्याचा अर्थ आहे. मी हे मुद्दाम जोर देऊन लिहितो आहे, कारण असे कागद फाइलमध्ये लावून वर्षभर निश्चिंत राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. शिवाय ज्यांचा फोटो नीट येत नाही त्यांच्यात मोतीबिंदू, लहान बाहुली, जेलीतला रक्तस्राव असे काही ना काही असण्याची शक्यता असते. त्यांना तपासणीची गरज उलट जास्त.

तुम्ही काय करावे?

फोटो मागाल तेव्हा मूळ, रंगीत फोटो मागा, आणि शक्यतो दोन्ही डोळ्यांचे. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर गॅलरीतून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो लहान केला जात नाही. मोबाइलमधले "ऑटो" किंवा "एन्हान्स" बटण दाबून तयार झालेला फोटो दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी पाठवू नका. त्या बटणामागे काय गणित आहे हे आम्हाला माहीत नसते आणि ते सेल्फीसाठी बनवलेले असते.

दुरुस्त केलेल्या फोटोत काही विचित्र दिसले तर तीच जागा मूळ फोटोत शोधा. तिथे अजिबात काही नसेल तर ते बहुधा वलय किंवा खरखर आहे. तरी डॉक्टरांना दाखवून खात्री करा. उलट, दुरुस्त फोटो स्वच्छ असला तरी तुम्हाला स्वतःला काय दिसते ते सांगायला विसरू नका. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा जाळे तरंगू लागले, चमका दिसल्या, पडदा सरकत आल्यासारखे वाटले किंवा नजर एकाएकी कमी झाली, तर कोणताही फोटो कितीही चांगला आलेला असो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा.

मॅक्युलाची, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाची, सूज फोटोतून खात्रीने कळत नाही, कारण फोटोला जाडी मोजता येत नाही. त्यासाठी ओसीटी नावाची वेगळी तपासणी असते. ती सांगितली तर "फोटो काढलाय की आधीच" म्हणून टाळू नका.

टाइप २ मधुमेह कळला की लगेच एकदा आणि नंतर साधारण दरवर्षी पडद्याची तपासणी करायची असते. टाइप १ असेल तर मधुमेह सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत पहिली. मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच डोळे तपासून घ्यावेत. पडद्यावर आधीच बदल असतील तर अंतर कमी होते, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

थेंबांबद्दल अनेकांच्या मनात भीती असते, म्हणून तेही सांगतो. बाहुली मोठी करणारे थेंब किंचित चुरचुरतात. साधारण अर्ध्या तासात परिणाम होतो आणि तो बहुतेकांत चार ते सहा तासांत उतरतो. तेवढ्या वेळात जवळचे वाचता येत नाही आणि उजेड डोळ्यांत खुपतो. त्या दिवशी स्वतः गाडी किंवा स्कूटर चालवत येऊ नका, कोणाला तरी सोबत आणा आणि गॉगल जवळ ठेवा. पूर्वी कोणी "डोळ्याचा कोन अरुंद आहे" असे सांगितले असेल, किंवा थेंब टाकल्यावर कधी डोळा फार दुखून लाल झाला असेल, तर थेंब टाकण्याआधीच सांगा. आणि फोटो काढणाऱ्यांना निःसंकोच विनंती करा: खोलीतला दिवा बंद करा, आणि दुसऱ्या डोळ्याचा फोटो घेण्याआधी मला काही मिनिटे अंधारात बसू द्या.